अर्ज आताच कर, रुजू हो प्रबंध देऊन

वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञ ताईंची उत्तरं

प्रश्न : सप्रेम नमस्कार ताई. मी लातूरला एम.एस्सी. फूड अँड न्यूट्रिशनच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. गाव उदगीर तालुक्यात, वडील शेती करतात. मला दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करायचंय आणि पुढे आरडीची, म्हणजे ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ची (नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची) परीक्षा द्यायची आहे. त्यासाठी सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. वर्गातल्या दोघींनी पुण्याला अर्ज केलेसुद्धा. आमच्या मॅडम म्हणतात, आधी प्रबंध, मग बाकीचं. माझा विषय ‘परभणी शक्ती’ ज्वारीचे पदार्थ आणि वसतिगृहातल्या मुलींचं हिमोग्लोबिन असा आहे. निम्म्या मुलींची माहिती घ्यायची राहिलीय. मार्क बरे आहेत, पण पहिल्या पाचांत मी नाही. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते. दुसऱ्या सेमिस्टरला ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) झाली, ती यात धरतात का? प्रबंध आणि इंटर्नशिप सोबत जमेल का? अर्जात लिहायला माझ्याजवळ काहीच नाही असं वाटतं. आणि वडील म्हणतात, मुंबई-पुण्याला सहा महिने बिनपगारी राहायचं तर पैसा कुठून आणायचा? काय करू?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : तुझ्या पत्रात तू स्वतःच लिहिलंस की अर्जात लिहायला काही नाही, आणि त्याच पत्रात ‘परभणी शक्ती’चा विषयही लिहिलास. त्याकडे येतेच. आधी तारखांचं बघू, कारण तिथेच बहुतेक मुलींचं वर्ष हातचं जातं.

तुझ्या मॅडम बरोबर सांगतायत आणि वर्गातल्या दोघीही बरोबर करतायत. अर्ज करणं वेगळं, रुजू होणं वेगळं. दवाखान्यातली इंटर्नशिप म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं काम, आठवड्याचे सहा दिवस. सकाळी वॉर्डात राउंड, दुपारी किचनमध्ये ट्रे तपासणं, मग ओपीडी, घरी आल्यावर केस स्टडी लिहिणं. ते करत करत वसतिगृहातल्या मुलींचं हिमोग्लोबिन मोजायला तू लातूरला येऊ शकणार नाहीस. दोन्ही सोबत करायला गेलेल्या मुली मी पाहिल्यात. प्रबंध रखडतो, वॉर्डात लक्ष लागत नाही आणि शेवटी दोन्हीकडची माणसं नाराज होतात. म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच पाठव आणि रुजू होण्याची तारीख मात्र चौथ्या सेमिस्टरची परीक्षा आणि प्रबंध झाल्यानंतरची माग. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच ते स्वच्छ लिही: प्रबंध अमुक महिन्यात सादर होईल, त्यानंतर मी पूर्ण वेळ येऊ शकते. दवाखान्यांच्या बॅचच्या तारखा ठिकाणागणिक वेगळ्या असतात आणि जागा मोजक्या असतात, त्यामुळे निकाल लागल्यावर चौकशी करणाऱ्या मुलीला पुढच्या बॅचपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्यात घरात लग्नाची बोलणी सुरू होतात, हेही तुला ठाऊक आहे.

मॅडमना हे असंच समजावून सांग. त्यांची भीती एवढीच असणार की तू अर्ध्यातून उठून जाशील. त्यांच्यापुढे कागदावर वेळापत्रक ठेव: राहिलेल्या मुलींची माहिती कधीपर्यंत, तक्ते कधी, पहिला मसुदा कधी. तुला त्यांचं शिफारसपत्र लागणार आहे आणि विभागप्रमुखांचं ना हरकत पत्रही. शिफारसपत्र आदल्या दिवशी मागू नको. तीन आठवडे आधी सांग आणि सोबत एका पानावर तू काय काय काम केलंस ते लिहून दे. मॅडमच्या हाताखाली तुझ्यासारख्या कितीतरी जणी असतात. त्यांना तुझं काम समोर दिसलं तर पत्रात तुझं म्हणून काहीतरी उतरतं, नाहीतर ‘कष्टाळू व प्रामाणिक विद्यार्थिनी’ या चार शब्दांवर पत्र संपतं.

ओजेटीचं विचारलंस. ती तुझ्या अभ्यासक्रमातली चार क्रेडिटची गोष्ट आहे, त्या सहा महिन्यांची जागा ती घेत नाही. अर्जात मात्र तिचा उल्लेख जरूर कर आणि तिथे स्वतः काय केलंस ते लिही. आरडीची नोंदणी इंडियन डायटेटिक असोसिएशन करते, १९६३ पासूनची ही संस्था आहे. त्या नोंदणीसाठी इंटर्नशिप कुठे झाली आणि कोणाच्या हाताखाली झाली याला महत्त्व आहे. म्हणून कुठल्याही दवाखान्याला हो म्हणण्याआधी त्यांना मेलवर एकच प्रश्न विचार: तुमच्याकडचे सहा महिने आरडीच्या परीक्षेसाठी ग्राह्य धरले जातात का, आणि मी कोणत्या नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या हाताखाली असेन? उत्तर लेखी घे. ‘हो हो, होतं सगळं’ असं फोनवर सांगितलं तर त्यावर विसंबू नको. सहा महिने राबून प्रमाणपत्र हातात आल्यावर ते चालत नाही असं कळणं फार वाईट, आणि तेव्हा कोणालाही दोष देऊन उपयोग नसतो.

आता अर्ज. आमच्या विभागात इंटर्नसाठी जे अर्ज येतात, त्यातले कितीतरी एकाच वाक्याने सुरू होतात: मला लहानपणापासून आहारशास्त्राची आवड आहे. मी ते वाक्य वाचून पुढे जाते, कारण त्यातून मला त्या मुलीबद्दल काहीच कळत नाही. मागे एक अर्ज आला होता, अहमदपूरकडच्या मुलीचा. तिने लिहिलं होतं की वसतिगृहाच्या मेसमध्ये तिने आठवडाभर रोज ताटात उरलेलं अन्न तोललं. सकाळचा उपमा रोज उरायचा; ज्या दिवशी धपाटे-दही असायचं त्या दिवशी ताटं रिकामी. पालेभाजी कोणी खात नव्हतं, पण तीच पालेभाजी धपाट्याच्या पिठात मळली की कोणाची तक्रार नसायची. तिने ते मेसच्या मावशींना दाखवलं आणि उपमा आठवड्यातून एकदाच ठेवायला लावला. बस, एवढंच. ना कुठलं बक्षीस, ना प्रमाणपत्र. मी तिला लगेच मुलाखतीला बोलावलं. ती तोलते, बघते, विचारते आणि मावशींशी बोलून बदल घडवते. वॉर्डात आम्हाला दुसरं काय हवं असतं?

तुझ्याजवळ तर याहून जास्त आहे. ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण, परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत काढलेलं, २०१८ मध्ये आलेलं. तू त्याचे पदार्थ करून मुलींना खाऊ घालतेस आणि त्यांचं रक्त तपासतेस. मग अर्जात ‘ॲनिमियावर प्रबंध’ एवढं लिहून का थांबायचं? कोणते पदार्थ केलेस? भाकर, धपाटे की लाडू? मुलींना कोणता आवडला, कोणता त्यांनी बाजूला सारला? बारापेक्षा कमी हिमोग्लोबिन निघालं त्या मुलीशी तू काय बोललीस? जेवणानंतर लगेच चहा घेऊ नको, भाजीवर लिंबू पीळ, हे तिला पटलं का, की ती म्हणाली लिंबू मेसमध्ये मिळतच नाही? हे लिही. एका पानात, साध्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. नेटवरून उचललेलं जड इंग्रजी मुलाखतीत दोन मिनिटांत उघडं पडतं. तुझं पान तुझ्या मॅडमकडून तपासून घे, पण दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ नको.

मार्कांचं मनावर घेऊ नको. नापास नाहीस, मागे काही विषय राहिलेले नाहीत, तेवढं पुरे आहे. पहिल्या पाचांत आहे की नाही, हे मुलाखत घेताना मी तरी विचारत नाही.

मी विचारते ते असं. समजा साठ किलो वजनाचा माणूस आहे, औसा तालुक्यातला शेतकरी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. माळकरी आहे, अंडं-मटण नाही. त्याला काय सांगशील? बहुतेक मुली घडाघडा सांगतात, किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ७२ ग्रॅम. अगदी बरोबर. मग मी विचारते, तो दिवसाला दोन भाकरी आणि वाटीभर वरण खातो, त्यातून किती मिळतात? इथे बऱ्याच जणी थांबतात. भाकर केवढी? आपल्याकडची मोठी भाकर, ७५ ग्रॅम पिठाची धर. ज्वारीत शंभराला साधारण दहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दोन भाकरींचे पंधरा. वरणात तीस ग्रॅम डाळ असेल तर आणखी सात. झाले बावीस. बहात्तरला अजून पन्नास कमी, आणि हा माणूस अंडं खात नाही. डाळ वाढवावी तर पोटॅशियम आणि फॉस्फरस वाढतो, आणि बिघडलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. दूध-दही वाढवावं तर पुन्हा फॉस्फरस, शिवाय पाण्याचं मोजमाप. मग दही किती, पनीर किती, डाळ किती, आणि डॉक्टरांशी बोलून प्रथिनांची पावडर केव्हा सुरू करायची, हा खरा विचार. त्याचं उत्तर तुला तोंडपाठ यावं अशी माझी अपेक्षा नसते. भाकर केवढी, असं मला उलट विचारणारी मुलगी मला हवी असते.

तसंच मिठाचं. रक्तदाब आहे म्हणून घरच्यांनी दुकानातून ‘कमी सोडियमचं मीठ’ आणलेलं असतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं, आणि किडनीच्या पेशंटला ते घातक ठरू शकतं. भेटायला येणारी माणसं प्रेमाने शहाळं घेऊन येतात, कॉटखाली दोन-दोन शहाळी ठेवलेली असतात. तिथेही तेच पोटॅशियम. ते कमी करायला पालेभाजी, बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि पाणी फेकून द्यायचं, हे पुस्तकात एका ओळीचं आहे. पेशंटच्या सुनेला ते पटवायला अर्धा तास जातो, कारण भाजीचं पाणी फेकायचं नसतं असंच तिला आईने शिकवलेलं असतं, आणि निरोगी माणसासाठी तिची आई बरोबरच सांगते. सुनेचा मान राखून तिला हे समजावता आलं पाहिजे.

इंग्रजीची तुला भीती वाटते. फाईल इंग्रजीत असते, परीक्षाही इंग्रजीत, तेव्हा वाचनाची सवय हवीच. एनबीएम (तोंडाने काही द्यायचं नाही), आरटी फीड (नाकातल्या नळीने अन्न), क्रिॲटिनिन, अल्ब्युमिन, पोटॅशियमचे आकडे, हे कागद वाचायला आताच शीक. रोज एक केस स्वतःशी मोठ्याने इंग्रजीत सांग. पण पेशंटशी बोलणं तुझ्या भाषेत होणार आहे, आणि तिथे तुझ्यापाशी जे आहे ते मुंबईत वाढलेल्या मुलीपाशी नसतं. काल दिवसभरात काय खाल्लं, असं विचारलं की आपल्याकडचा म्हातारा माणूस काय म्हणतो?

“कायबी नाही ओ बाई. भाकर खाल्ली अन् पडलो.”

“सकाळी उठल्यावर चहा?”

“चहा तर लागतोच की. दोनदा. रानात गेल्यावर अजून एकदा.”

“भाकरीसोबत काय होतं?”

“काय असतंय, शेंगदाण्याची चटणी. येसराची आमटी होती जरा.”

“चटणी किती, चमचाभर?”

“चमचा कशाला? वाटीतच घेतो की.”

झालं, वाटीभर शेंगदाणे सापडले. ‘कायबी नाही’ लिहून पुढे गेली असती तर त्या माणसाचा अख्खा हिशोब चुकला असता. येसर म्हणजे काय, हुरड्याच्या दिवसांत लोक दुपारचं जेवतात की नाही, एकादशीला शाबूदाणा किती जातो, हे तुला कोणी शिकवायची गरज नाही. आणि उदगीरकडची असल्याने थोडं कानडी कानावर असेल तर तेही अर्जात लिही.

यावरूनच ठिकाणाचं सांगते. मुंबई-पुण्याखेरीज इंटर्नशिप होत नाही हा समज मनातून काढ. लातूर, उदगीर, नांदेडकडच्या पेशंटला मोठा आजार झाला की लोक हैदराबाद गाठतात. तिथल्या वॉर्डात मराठी आणि आपली मोडकी हिंदी बोलणारी इंटर्न कामाची असते, आणि घर मुंबईपेक्षा जवळ पडतं. ‘परभणी शक्ती’चं नावही तिथे नवीन वाटणार नाही, इक्रिसॅट हैदराबादजवळच पाटनचेरूला आहे. राष्ट्रीय पोषण संस्थाही हैदराबादलाच, तारनाक्याला. सुट्टीच्या दिवशी एकदा नुसती बघून ये. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरलाही मोठी रुग्णालयं आहेत. घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी रुग्णालयात, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून पेशंट येतात आणि तिथे जितक्या तऱ्हेचे आजार बघायला मिळतात तितके चकचकीत दवाखान्यात मिळतीलच असं नाही. तेव्हा नावापेक्षा काय बघायचं? आहारविभागात माणसं किती आहेत. डायलिसिस, आयसीयू, कॅन्सर, लहान मुलं, या सगळीकडे आळीपाळीने पाठवतात का. किचन दवाखान्याचं स्वतःचं आहे की ठेकेदाराचं, आणि ठेकेदाराचं असलं तर इंटर्नला आत जाऊ देतात का. आधी तिथे शिकून गेलेल्या एखाद्या मुलीचा नंबर मिळव आणि तिला थेट विचार: तुला पेशंटशी बोलू दिलं, की सहा महिने डाएट शीट भरायला बसवलं? माझ्या मते हा एक फोन दहा वेबसाइटींपेक्षा जास्त सांगून जातो.

पैशाचं तुझे वडील बोलले ते अगदी रास्त आहे. बऱ्याच ठिकाणी विद्यावेतन मिळत नाही, काही ठिकाणी उलट फी घेतात. हे विचारायला लाजायचं कारण नाही. पहिल्याच मेलमध्ये विचार: फी आहे का, विद्यावेतन आहे का, दुपारचं जेवण मिळतं का, राहायची सोय आहे का. मग वडिलांसमोर बसून महिन्याचा खर्च मांड: खोली किंवा वसतिगृह, डबा, बस, गावाकडची एक फेरी. आकडा समोर आला की घाबरणं कमी होतं. नातेवाईक असलेल्या शहरातलं बरं ठिकाण आणि कोणीच ओळखीचं नसलेल्या शहरातलं नामांकित ठिकाण यात निवडायचं झालं, तर वरचे प्रश्न विचारून दोन्ही सारखी उतरत असतील तर मी नातेवाईकांचं शहर निवडीन. आणि वडिलांना एकदा सोबत घेऊन जा. ज्या वॉर्डात मुलगी काम करणार तो डोळ्यांनी बघितला की बापाचा विरोध किती मावळतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

एक काम मात्र उद्याच कर. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसशील तर सुरू कर. तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. रुजू होताना लसीचा कागद मागितला जातो आणि तो ऐनवेळी तयार होत नाही. आज सुरुवात केलीस तर रुजू व्हायच्या वेळेला तिन्ही डोस पुरे होतील.

आणि प्रबंधातून सवड मिळेल तेव्हा जिल्ह्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात, एनआरसीत, परवानगी काढून दोन-चार दिवस बसून ये. तीव्र कुपोषित मुलाला आल्या आल्या भरपेट का खाऊ घालत नाहीत ते तिथे दिसतं. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असलेलं मूल. त्याला आधी एफ-७५ दूध, शंभर मिलीला फक्त ७५ कॅलरी आणि प्रथिनं मुद्दाम कमी, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. त्या मुलाचं शरीर एकदम भार सोसू शकत नाही. भूक परतली, सूज उतरायला लागली की मग जास्त कॅलरीचं एफ-१०० दूध. रोज सकाळी त्याच वेळी, त्याच काट्यावर, कपडे काढून वजन. काटा आधी शून्यावर आणायचा, मूल शांत होईपर्यंत थांबायचं, आकडा मोठ्याने म्हणायचा आणि लगेच लिहायचा. आईच्या डोळ्यांकडेही बघ, ती त्या आकड्याची वाट बघत असते. हे पाहिलेली मुलगी मुलाखतीत वेगळी बोलते. अभ्यासासाठी आकडे मात्र नवे वापर: अन्नघटकांसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते आणि रोजच्या गरजांसाठी २०२०च्या शिफारसी. वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांत अजून जुनेच आकडे आहेत.

चार-पाच ठिकाणी अर्ज कर, पण प्रत्येक ठिकाणचं पत्र वेगळं लिही. एका दवाखान्याचं नाव पुसायचं राहिलेलं पत्र दुसऱ्या दवाखान्यात गेलं की तो अर्ज तिथेच बाजूला पडतो. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर विभागात फोन कर, दुपारी तीन-चारच्या सुमाराला. सकाळी आम्ही राउंडला असतो.

प्रश्न : ताई, माझ्या मुलीने इथे न्यूट्रिशनमध्ये बी.एस्सी. केलं आणि सध्या ती अमेरिकेत त्याच विषयात मास्टर्स करते आहे. ती म्हणते, तिथे आहारतज्ज्ञ व्हायला मास्टर्स करून भागत नाही, इंटर्नशिपला वेगळा अर्ज करावा लागतो. आम्हाला वाटलं होतं, पदवी मिळाली की नोकरी. हे नेमकं काय आहे? आम्ही इथून काय मदत करावी?
— एक पालक, नांदेड

उत्तर : तुमची मुलगी बरोबर सांगते आहे. तिकडे ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ व्हायचं तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, देखरेखीखालचं किमान एक हजार तासांचं प्रत्यक्ष काम, आणि मग परीक्षा. १ जानेवारी २०२४ पासून त्या परीक्षेला बसायला मास्टर्स पदवी सक्तीची झाली आहे. म्हणजे मास्टर्स हवंच, पण एकट्या मास्टर्सने दार उघडत नाही.

कळीचा मुद्दा हा की तिचा आत्ताचा मास्टर्स कोणत्या प्रकारचा आहे. अभ्यासक्रमांना मान्यता देणारी तिकडची संस्था ‘असेंड’ म्हणून ओळखली जाते. काही मास्टर्समध्ये ते हजार तास आतच धरलेले असतात, तसं असेल तर वेगळी इंटर्नशिप शोधावी लागत नाही. काहींमध्ये फक्त वर्गातला अभ्यास असतो, आणि काही मास्टर्स न्यूट्रिशनचेच असले तरी या मान्यतेत बसत नाहीत. तिसऱ्या प्रकारात ती असेल तर तिला काही विषय वेगळे पूर्ण करून ‘व्हेरिफिकेशन स्टेटमेंट’ नावाचा कागद मिळवावा लागेल. तो हातात असेल किंवा अमुक तारखेला मिळणार हे ठरलेलं असेल, तरच इंटर्नशिपचा अर्ज पुढे सरकतो. तिने आजच आपल्या विभागातल्या डायटेटिक्सच्या संचालकांना भेटून एवढंच विचारावं: मी यातल्या कोणत्या प्रकारात मोडते?

अर्ज बहुतेक ठिकाणी ‘डायकास’ नावाच्या एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून जातो. त्यात गुणपत्रकं, शिफारसपत्रं आणि स्वतःबद्दलचं निवेदन लागतं. काही इंटर्नशिप दूरस्थ असतात, त्यात आपल्याला शिकवणारे आहारतज्ज्ञ आणि दवाखाने विद्यार्थ्यालाच शोधावे लागतात. नवख्या, परदेशातून आलेल्या मुलीला ते फार जड जातं, म्हणून मी तिला एका रुग्णालयाशी किंवा विद्यापीठाशी जोडलेली इंटर्नशिपच घ्यायला सांगेन. तिकडेही इंटर्नशिप बहुधा बिनपगारी असते आणि वर फी भरावी लागते. तेव्हा कर्जाचा हिशोब मास्टर्सपाशी थांबवू नका, पुढचं वर्ष धरून करा. व्हिसावर ते तास कसे बसवायचे, हे तिच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडूनच लेखी घ्यायला सांगा.

इथून तुमची मदत अशी: तिच्या भारतातल्या पदवीचं तिकडे मूल्यांकन होईल आणि त्यासाठी प्रत्येक विषयाचा तपशील मागतात. तिच्या जुन्या कॉलेजात जाऊन त्या वर्षांचा छापील अभ्यासक्रम शिक्क्यासह काढा, आणि विद्यापीठातून गुणपत्रकं सीलबंद लिफाफ्यात मिळतात का ते बघा. या कामाला किती खेटे घालावे लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तिला तिथून ते जमणार नाही, तुम्ही मात्र नांदेडमधून नक्की करू शकता. ती इथे असताना एखाद्या दवाखान्यात किंवा अंगणवाडीत काम करून आली असेल तर त्याचं पत्रही मिळवून ठेवा. अनुभव म्हणून तो अर्जात मोजला जातो.

प्रश्न : मी बी.ए. आहे. सहा आठवड्यांचा ऑनलाइन डाएट कोर्स केला, प्रमाणपत्र मिळालं. बीडला ‘डाएट क्लिनिक’ उघडू का? साखर आणि किडनीचे बरेच लोक विचारतात.
— एक वाचक, बीड

उत्तर : नका उघडू. विशेषतः साखर आणि किडनीच्या लोकांसाठी तर नकोच. वर लातूरच्या मुलीला लिहिलेलं उत्तर वाचा. कमी सोडियमच्या मिठाचा एक चुकीचा सल्ला डायलिसिसच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राने कायदा केला आहे आणि त्याच्या यादीत आहारतज्ज्ञ येतात. पुढे नोंदणी पात्रतेवरच होणार, आणि सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर ती मिळणार नाही.

लोक तुम्हाला विचारतात, याचा अर्थ त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे. त्या लोकांना घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत जा आणि डॉक्टरांना सांगून आहाराचा सल्ला मागा. तुम्हाला स्वतःला या विषयात खरंच पुढे जायचं असेल तर वय किती आहे आणि बारावीला विज्ञान होतं का, ते कळवा. त्यावरून कोणता रस्ता मोकळा आहे ते पुढच्या अंकात सांगते.